जपानी शाईचित्रांतले डोंगर चित्रकारांनी पाहिलेच नव्हते, मग ते काढले का?

पांढरा कागद. त्यावर धुक्यातून वर आलेला काळसर डोंगर. डोंगराच्या पोटाशी एक झोपडी, बाजूला वाकडंतिकडं पाइनचं झाड, आणि नीट बघितलं तर वाटेवर मुंगीएवढा एक माणूस.

हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. कुणाच्या फोनच्या वॉलपेपरवर, योगाच्या क्लासच्या भिंतीवर, नाहीतर इन्स्टाग्रामवर एखाद्या सुविचाराच्या मागे. खाली कॅप्शन ठरलेलं असतं : झेन, शांतता, निसर्गाशी एकरूप वगैरे.

हे बघून आपण धरून चालतो की चित्र काढणारा कुणी साधू असणार. डोंगरात राहत असणार आणि रोज सकाळी समोर दिसेल ते कागदावर उतरवत असणार.

तर तसं नव्हतं. पंधराव्या शतकात जपानमध्ये ही चित्रं काढणारे बरेचसे भिक्खू राजधानी क्योतोच्या ऐन गर्दीत राहत होते. त्यांच्यातले अनेक जण सरकारी पत्रव्यवहार सांभाळत होते, चीनसोबतच्या व्यापाराची कागदपत्रं बघत होते. आणि ते जे डोंगर काढत होते ते जपानमधले नव्हतेच. ते होते चीनचे, आणि बहुतेकांनी चीन कधी पाहिला नव्हता.

मग न पाहिलेले डोंगर इतक्या मन लावून काढायचं कारण काय? ते समजायला आधी जपानमध्ये ‘डोंगर’ या शब्दाला काय काय चिकटलेलं आहे ते बघावं लागतं.

डोंगर म्हणजे देव, डोंगर म्हणजे देऊळ

निसर्गचित्राला जपानी भाषेत ‘सानसुई’ म्हणतात. ‘सान’ म्हणजे डोंगर आणि ‘सुई’ म्हणजे पाणी. हा शब्द मुळात चिनी, तिथे त्याचा उच्चार ‘शानश्वे’. म्हणजे निसर्ग काढायचा तर डोंगर आणि पाणी हवंच, हे नावातच ठरलेलं. काळ्या शाईच्या चित्रकलेला म्हणतात ‘सुइबोकुगा’.

(जाता जाता : ‘फुजी-सान’ मधला ‘सान’ हा आपल्या ‘राव’सारखा आदरार्थी आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण तो आदरार्थी ‘सान’ वेगळा. फुजीच्या नावातला ‘सान’ म्हणजे साधा डोंगर.)

जपानमध्ये डोंगराला देव मानण्याची रीत बौद्ध धर्म येण्याच्याही आधीची. नारा भागातल्या ओमिवा या शिंतो देवस्थानात देवाची मूर्ती ठेवायला गाभाराच नाही, कारण समोरचा मिवा डोंगर हाच देव. शेतकऱ्यांची समजूत अशी होती की डोंगरातला देव वसंतात खाली उतरतो, भातशेतीचा देव होतो आणि पीक निघालं की परत वर जातो. डोंगरात तप करणाऱ्या ‘यामाबुशी’ साधूंचा तर स्वतंत्र पंथच आहे.

बौद्ध मठांनी हीच भाषा उचलली. चीनमध्ये मोठे मठ डोंगरांवर असायचे, त्यामुळे मठालाच ‘डोंगर’ म्हणायची पद्धत पडली आणि ती जपानमध्ये आली. मग मठ सपाट जमिनीवर असला तरी त्याच्या नावाला डोंगराचं नाव जोडलं जाऊ लागलं. तोक्योला गेलेले पर्यटक असाकुसाच्या ज्या सेन्सो-जी मंदिरात हमखास फोटो काढतात, त्याचं डोंगरी नाव ‘किनर्यू-झान’ म्हणजे सोनेरी ड्रॅगनचा डोंगर. मंदिर मात्र सपाट जमिनीवर! मठ स्थापन करणाऱ्या गुरूला आजही ‘डोंगर उघडणारा’ म्हणतात.

झेन पंथाच्या सरकारमान्य मोठ्या मठांची जी उतरंड होती, तिचं नावच ‘गोझान’, म्हणजे पाच डोंगर. आपल्या गोष्टीतले भिक्खू याच पाच डोंगरांतले. शोगुन, म्हणजे त्या काळचा लष्करी राज्यकर्ता, या मठांना पैसा द्यायचा आणि बदल्यात त्यांच्याकडून राज्यकारभाराची कामं करून घ्यायचा. चिनी भाषा लिहिता-वाचता येणारी माणसं तिथेच होती ना.

थोडक्यात, हे लोक कागदोपत्री डोंगरावर राहत होते आणि प्रत्यक्षात ऑफिसात.

१४१३ चं एक चित्र सगळं सांगून टाकतं

क्योतोच्या नान्झेन-जी या मठातल्या एका भिक्खूने आपल्या अभ्यासाच्या खोलीला नाव दिलं होतं, साधारण अर्थ : ओढ्याकाठच्या सावलीतली कुटी. खोली होती शहरातल्या मठात. ओढा नाही, सावली नाही, आणि कुटी तर नाहीच.

१४१३ मध्ये त्याच्या मित्रांनी त्याला या नावावरून एक चित्र भेट दिलं. उंच डोंगर, पाण्याकाठी लहानशी झोपडी, पाइनची झाडं. चित्राच्या वरच्या भागात मित्रांनी कविता लिहिल्या आणि एकाने प्रस्तावना लिहिली. त्या प्रस्तावनेत या चित्राला ‘मनाचं चित्र’ म्हटलं आहे. माणूस शहराच्या गोंगाटात राहत असला तरी त्याचं मन डोंगरात असू शकतं, आणि हे त्या मनाचं चित्र आहे, असा त्याचा आशय. हे चित्र क्योतोच्या कोनची-इन या मंदिराचं आहे आणि आज ते जपानचा ‘राष्ट्रीय ठेवा’ मानलं जातं.

अशा चित्रांची तेव्हा लाटच आली. खाली चित्र आणि वर मित्रांच्या कविता, असा हा प्रकार. त्याला म्हणतात ‘शिगाजिकु’. आजच्या भाषेत सांगायचं तर एक पोस्ट आणि वर मित्रमंडळींच्या कमेंट्स, फक्त सगळे कवी! शोकोकु-जी मठातला शूबुन हा भिक्खू-चित्रकार यातला मोठा माणूस. ‘बांबूच्या कुटीतलं वाचन’ हे १४४० च्या दशकातलं चित्र त्याच्या नावावर सांगितलं जातं. तिथेही तेच : कडा, पाइन, झोपडी आणि मागे धुक्यात विरलेले डोंगर.

या चित्रांतल्या डोंगराला नाव का नसतं, ते इथे कळतं. तो एखाद्या जागेचा डोंगर नसतोच. ज्याला कामातून उठून जाता येत नाही, अशा माणसाने स्वतःसाठी ठेवलेला तो पत्ता असतो.

ही कल्पनाही चीनमधूनच आलेली. अकराव्या शतकातला चिनी दरबारी चित्रकार गुओ शी याने निसर्गचित्रावर जे विचार मांडले, त्यात हा मुद्दा स्पष्ट आहे. ज्याच्यावर घराची आणि राज्याची जबाबदारी आहे, त्याने सगळं टाकून डोंगरात जाणं बरोबर नाही. मग चांगल्या चित्रकाराने डोंगर त्याच्या खोलीत आणून द्यावा. १०७२ चं त्याचं ‘वसंताची चाहूल’ हे चित्र तैपेईच्या संग्रहालयात आहे.

डोंगर वाचायचा कसा?

गुओ शीनेच डोंगराला माणसासारखं शरीर दिलं. पाणी म्हणजे त्याचं रक्त, झाडंझुडपं म्हणजे केस, धुकं म्हणजे चेहऱ्यावरचा रंग. चित्रातलं मुख्य शिखर म्हणजे राजा आणि बाजूच्या टेकड्या म्हणजे त्याच्यापुढे वाकलेले दरबारी. त्यामुळे एकच डोंगर बघणाऱ्याप्रमाणे दोन गोष्टी सांगतो. भिक्खूला तो एकांत वाटतो, आणि शोगुनला आपली नीट लावलेली सत्ता. शोगुनांनी चिनी चित्रांचे संग्रह उगाच केले नव्हते.

आता धुक्याकडे या. या चित्रांत धुकं काढलेलं नसतं. तिथे कागद तसाच कोरा सोडलेला असतो. या कोऱ्या जागेला ‘योहाकु’ म्हणतात. डोंगराचा पायथा नाही, मध्येच कंबर गायब, वर फक्त शिखर. बाकीचा डोंगर बघणाऱ्याने आपल्या डोक्यात उभा करायचा. एवढा मोठा दगड पण अधांतरी तरंगतोय, आणि तरी तो हलका वाटत नाही. जे सगळ्यात पक्कं, तेसुद्धा असं अर्धं विरलेलं दाखवायचं, यात बौद्ध विचार शोधावा लागत नाही.

काम करायची पद्धतही तशीच. ‘सुमी’ नावाची शाई काजळी आणि सरस यांची बनलेली वडी असते. आपल्याकडे सहाणेवर चंदन उगाळतात तशी ती दगडावर पाणी घालून उगाळायची. पाणी कमी-जास्त केलं की गडद काळ्यापासून जेमतेम दिसेल अशा राखाडीपर्यंत सगळ्या छटा निघतात. कागद शाई लगेच पितो, त्यामुळे खोडायची सोय नाही. हात फिरला की फिरला. खडकासाठी तर फटकाऱ्यांचे वेगवेगळे प्रकार आहेत, त्यातल्या एका प्रकाराचं नावच ‘कुऱ्हाडीचा घाव’. तो बघितला की दगड खरंच तासल्यासारखा दिसतो.

आणि मग एक जण खरंच डोंगर बघायला गेला

त्याचं नाव सेश्शू तोयो. जन्म १४२०, आजच्या ओकायामा प्रांतात. त्याची एक गोष्ट जपानमध्ये लहान मुलांनाही माहीत असते. मठात शिकताना तो चित्रंच काढत बसायचा, म्हणून गुरूने त्याला खांबाला बांधलं. तेव्हा त्याने जमिनीवर पडलेल्या स्वतःच्या अश्रूंनी पायाच्या अंगठ्याने उंदीर काढला, आणि तो इतका हुबेहूब होता की गुरू दचकले. गोष्ट दंतकथाच आहे, पण छान आहे.

पुढे सेश्शू शोकोकु-जी मठात गेला आणि शूबुनच्या हाताखाली शिकला. म्हणजे न पाहिलेल्या डोंगरांच्या शाळेतच तयार झाला. नंतर तो क्योतो सोडून पश्चिमेला यामागुचीत गेला. तिथलं ओउची घराणं चीनशी व्यापार करायचं. १४६७ मध्ये त्यांच्या जहाजातून सेश्शू चीनला निघाला.

याच वर्षी क्योतोत ओनिन युद्ध पेटलं. वारसाहक्काच्या भांडणातून सुरू झालेलं हे युद्ध दहा वर्षं चाललं आणि राजधानी बेचिराख झाली. शोकोकु-जी मठही पहिल्याच वर्षी जळाला. ज्या खोल्यांत बसून भिक्खू काल्पनिक कुट्यांची चित्रं काढत होते, त्या खोल्याच राहिल्या नाहीत.

सेश्शू मात्र तेव्हा चीनमध्ये होता. निंगबो बंदरात उतरून तो जवळच्या थियेनथोंग मठात गेला. तिथे त्याला ‘पहिल्या आसना’चा मान मिळाला. त्याला या मानाचं इतकं अप्रूप होतं की म्हातारपणीही चित्रावर सही करताना तो ते लिहायचा. तिथून तो बीजिंगपर्यंत गेला आणि १४६९ मध्ये परत आला.

चीनमध्ये त्याला गुरू मिळाला का? त्याच्या एका मित्राने लिहून ठेवलंय की चीनमध्ये सेश्शूला शिकवू शकेल असं कुणी भेटलं नाही, तिथले डोंगर आणि नद्या हेच त्याचे गुरू झाले. हे वाक्य आजही सगळीकडे फिरतं. पण १४९५ च्या एका चित्रावर खुद्द सेश्शूने जे लिहिलंय, त्यात तो दोन चिनी चित्रकारांची नावं घेतो आणि परत आल्यावर आपल्याच जुन्या गुरूंची, शूबुनची आणि त्याच्याआधीच्या जोसेत्सुची, थोरवी कळली असं म्हणतो. मित्राचं वाक्य जास्त शेअर होण्यासारखं आहे, सेश्शूचं जास्त प्रामाणिक.

डोंगर प्रत्यक्ष पाहिल्याचा परिणाम मात्र दिसतो. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याचं ‘हिवाळ्याचं निसर्गचित्र’ आहे. उंची जेमतेम ४७ सेंटीमीटर, म्हणजे ए-थ्री कागदापेक्षा थोडीशीच जास्त. त्यात मधोमध कड्याची एक काळी उभी रेघ वर जाते आणि अचानक तुटते. शूबुनच्या पिढीचे डोंगर स्वप्नात आल्यासारखे तरंगतात. हा डोंगर अंगावर येतो. खाली टोपी घातलेला एक माणूस बर्फातून वाट चढतोय. त्याला थंडी वाजत असणार असं पहिल्यांदाच वाटतं.

१४८६ मध्ये, ६७ व्या वर्षी, त्याने जवळपास १६ मीटर लांबीचं गुंडाळपट काढलं. हे चित्र एका नजरेत बघताच येत नाही. उजवीकडून उलगडत जायचं. वसंतात सुरुवात होते, वाट डोंगरात शिरते, गुहेतून जाते, गावात बाजार लागतो आणि शेवटी बर्फ. इथे डोंगर हे पोहोचायचं ठिकाण राहत नाही. तो चालायला लावतो.

आणि १४९५ चं ते चित्र, ज्यावर त्याने गुरूंबद्दल लिहिलं, ते याच्या अगदी उलट. शाई शिंपडल्यासारखे दहा-बारा फटकारे. प्रथम बघताना डागच दिसतात. मग एक डाग कडा होतो, एकात दारूच्या गुत्त्याचं निशाण सापडतं, आणि पाण्यावर दोन माणसं असलेली होडी. हे चित्र त्याने आपल्या शिष्याला दिलं होतं. डोंगर ‘असण्यासाठी’ किती कमी शाई पुरते, याचा तो धडाच होता.

पण सगळ्यात मोठी उडी त्याने ऐंशी ओलांडल्यावर मारली. ‘आमानोहाशिदाते’ ही जपानच्या किनाऱ्यावरची खरीखुरी जागा, समुद्रात गेलेली साधारण साडेतीन किलोमीटरची वाळूची पट्टी. सेश्शूने ती काढली, देवळांसकट, खऱ्या नावांसकट. चित्रात एक पॅगोडा दिसतो, तो १५०१ मध्ये बांधला गेला; त्यावरून चित्र त्याच्या अखेरच्या काही वर्षांतलं असल्याचं कळतं. कागदाचे तुकडे जोडून केलेलं हे काम आहे.

गंमत अशी की हे दृश्य ज्या उंचीवरून दिसतं, तिथे उभं राहायला जमीनच नाही. आज ते बघायचं तर ड्रोन लागेल. मागचे डोंगरही प्रत्यक्षापेक्षा उंच केले आहेत. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली जागा काढतानाही त्याने चिनी पर्वतांचा दिमाख सोडला नाही. पण आता त्या दिमाखाखाली जपानी गाव होतं. देशात सगळ्यात जास्त, म्हणजे सहा चित्रं ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरलेला चित्रकार सेश्शूच आहे.

डोंगर जवळजवळ नाहीसा होतो

पुढच्या शतकात हासेगावा तोहाकुने स्वतःला सेश्शूचा पाचव्या पिढीचा वारस म्हणवून घेतलं. त्याचं ‘पाइनची झाडं’ हे सहा-सहा फळ्यांच्या दोन पडद्यांवरचं चित्र जपानमधलं सगळ्यात लाडकं शाईचित्र असावं. त्यात झाडं आहेत, धुकं आहे आणि डोंगर जवळपास नाहीच. दोन पडद्यांच्या मधोमध, वरच्या बाजूला, बर्फाच्या शिखराची एक फिकट सावली तेवढी दिसते. फोनवर बघताना ब्राइटनेस कमी असेल तर ती सुटतेच. पण ती झाका आणि पुन्हा बघा. झाडांच्या मागची सगळी हवाच निघून गेल्यासारखी वाटते.

फुजी, भूकंप आणि चार विमानं

आता फुजी. उंची ३,७७६ मीटर. होकुसाइची ती प्रसिद्ध लाट आणि तिच्यामागचा चिमुकला फुजी सगळ्यांना माहीत आहे, पण ते रंगीत लाकडी ठशाचं चित्र, परंपरा वेगळी. शाईचा डोंगर विसाव्या शतकात नेला तो प्रामुख्याने योकोयामा ताइकानने.

ताइकानचं भारताशीही नातं आहे. १९०३ मध्ये तो आणि हिशिदा शुन्सो कोलकात्याला येऊन ठाकूर घराण्यात राहिले. अवनींद्रनाथ ठाकूरांच्या चित्रांतलं ते ओलसर, धूसर वॉश तंत्र याच भेटीतून पुढे आलं.

१९२३ मध्ये ताइकानने शाईत ४० मीटरहून लांब गुंडाळपट काढलं. डोंगरातल्या धुक्याचा एक थेंब होतो, थेंबाचा ओढा, ओढ्याची नदी, नदी समुद्राला मिळते आणि शेवटी वादळातून ड्रॅगन वर झेपावतो, पुन्हा ढग. डोंगर हा इथे आरंभ आहे, शिखर नाही. हे चित्र तोक्योच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आलं ती तारीख होती १ सप्टेंबर १९२३. त्याच दिवशी ११ वाजून ५८ मिनिटांनी कांतो भूकंप झाला. एक लाखाहून जास्त माणसं गेली, शहर जळालं. चित्र वाचलं.

याच ताइकानने १९४० मध्ये समुद्रावरची दहा आणि डोंगरावरची दहा चित्रं विकली. डोंगरावरच्या दहाही चित्रांत फुजी होता. विक्रीतून आलेले ५ लाख येन त्याने लष्कराला आणि नौदलाला दिले. त्यातून चार लढाऊ विमानं आली आणि त्यांना नाव मिळालं ‘ताइकान’.

सरकारी कामातून सुटका म्हणून काढलेला बिननावाचा डोंगर एका राष्ट्राचा झेंडा झाला, तो असा. २०१३ मध्ये युनेस्कोने फुजीला जागतिक वारशात घेतलं तेव्हा नोंद केली ती ‘पवित्र स्थान आणि कलेची प्रेरणा’ म्हणून. त्या कलेत ही विमानंही येतात, हे सहसा कुणी सांगत नाही.

बघायचं असेल तर

जुनी शाईचित्रं उजेडाने खराब होतात, म्हणून ती वर्षातून काही आठवडेच बाहेर काढतात. सेश्शूचं लांब गुंडाळपट यामागुचीतल्या मोरी संग्रहालयात साधारण शरद ऋतूत लावतात. पण जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांनी आपल्याकडच्या ठेव्यांचे मोठ्या रिझोल्यूशनचे फोटो ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. तिथे ‘हिवाळ्याचं निसर्गचित्र’ उघडून खालच्या बाजूला झूम करा. टोपीवाला माणूस वाटेवरच आहे. वर उजवीकडे काही छपरं दिसतात. तिथपर्यंत त्याला अजून बराच डोंगर चढायचाय.